फुकटचे कॅलेंडर आणि ३० सप्टेंबर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

३० सप्टेंबर जवळ आला की किल्लारीच्या १९९३ मधल्या भूकंपावरचे लेख आपल्या दैनिकात येतात आणि मी ते वाचतो, कारण ज्या गावांची नावे त्यांत असतात त्यांतल्या बहुतेक गावांच्या पारावर मी कधी ना कधी चहा घेतलेला आहे. आज लिहितो आहे तो विषय मात्र त्या लेखांच्या कडेचा आहे, आणि काही वाचकांना तो क्षुल्लकही वाटेल. जाहिरातीसाठी वाटल्या जाणाऱ्या फुकटच्या वस्तू आणि एवढ्या मोठ्या दुःखाची आठवण यांचा परस्परांशी काय संबंध असतो, आणि काय नसावा, हा तो विषय.

निमित्त एका मगाचे आहे. गेल्या वर्षी भूकंपाच्या स्मृतिदिनानिमित्त सकाळी एक दौड झाली, तिच्यात धावून आलेल्या शेजारच्या मुलाने तिथे मिळालेला मग मोठ्या कौतुकाने मला आणून दिला. मगाच्या एका बाजूला तडा गेलेल्या दगडी भिंतीचे चित्र आणि त्याखाली भूकंपाची तारीख होती, दुसऱ्या बाजूला तारखेच्या दुप्पट आकारात एका कंपनीचे बोधचिन्ह होते, आणि आत, चहा ओतायच्या जागी, गुंडाळी करून ठेवलेले सवलतीचे कूपन होते. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही. अशा वस्तूंची आता रीतच पडली आहे. मुलाचा तर काहीच दोष नव्हता. त्याचा जन्म त्या पहाटेनंतर पंधरा वर्षांनी झाला आणि त्याला त्या दिवसाविषयी काही करावेसे वाटले, ही चांगलीच गोष्ट आहे.

या वस्तूंवर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, आणि तो अधिकार काही फार स्वच्छ नाही. बियाणे विकणाऱ्या एका कंपनीचा विक्री प्रतिनिधी म्हणून मी भूकंपाच्या आधीची चार वर्षे औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांत मोटारसायकलवर फिरत होतो. सूर्यफूल, ज्वारी आणि तूर यांचे वाण खपवणे हे काम, आणि त्यासाठी कंपनीकडून येणारे सामान घरोघर पोचवणे हा त्या कामाचा मोठा भाग. या सामानाची उतरंड ठरलेली असे. रोजनिशी आणि पेनाचा संच सरपंच, तलाठी आणि कृषी सेवा केंद्राच्या मालकासाठी. किल्ल्यांची साखळी ज्याच्या दारात ट्रॅक्टर किंवा फटफटी आहे त्याच्यासाठी. टोपी मेळाव्याला आलेल्या प्रत्येकासाठी. पिशवी ठरावीक माल उचलणाऱ्यासाठी. आणि कॅलेंडर सगळ्यांसाठी. डिसेंबरमध्ये सुतळीने बांधलेले कॅलेंडरांचे गठ्ठे आले की संक्रांतीच्या आत ते संपवायचे, कारण भिंत एक असते आणि कॅलेंडरे चार येतात, तेव्हा जो आधी खिळा पकडेल त्याचे नाव वर्षभर दिसते. पिकाचे छायाचित्र छापलेले कॅलेंडर दाराआड किंवा गोठ्यात जाते आणि देवाचे चित्र असलेले ओटीवर लागते, हे आम्हाला अनुभवाने कळले होते. म्हणून मुख्य कार्यालयाशी भांडून आम्ही दरवर्षी विठ्ठल नाहीतर लक्ष्मी मागून घ्यायचो, आणि अशा रीतीने भक्तीसुद्धा विक्रीच्या हिशेबात बसवायचो.

१९९३ ची कॅलेंडरे वाटली त्या वेळची एक गोष्ट मी आजवर फार कोणाला सांगितलेली नाही. त्याआधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसले होते, जमिनीतून गुरगुर ऐकू येते असे लोक सांगत होते, आणि काही घरांच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या. एका घरात मी कॅलेंडर दिल्यावर तिथल्या बाईंनी ते उलगडून भिंतीला लावून पाहिले आणि आणखी एक मागितले. मला वाटले लेकीच्या घरी द्यायचे असेल. तसे नव्हते. भिंतीला वरून खाली तिरकी गेलेली एक भेग होती, आणि एका कॅलेंडराने ती पुरती झाकली जात नव्हती. मी हसून दुसरे दिले आणि दोन्ही टांगायला खिळे ठोकण्यासाठी बाहेरचा दगडही आणून दिला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावे उशिरा झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. आकड्याच्या मानाने हानी भयंकर झाली, त्याचे कारण घरांत होते. मातीच्या चिखलात रचलेल्या, दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती आणि वर दरवर्षी मातीचा नवा थर घेऊन जड होत गेलेले माळवद, ही आमच्या भागातली उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहणारी घरे होती. तीच झोपलेल्या माणसांच्या अंगावर बसली. सुमारे १०,००० माणसे गेली आणि ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीने मला कांबळी घेऊन तिकडे पाठवले. प्रत्येक कांबळीच्या कोपऱ्यात कंपनीचे नाव शिवलेले होते आणि वाटप करताना छायाचित्र काढून पाठवा असे सांगितले होते. मी छायाचित्रे काढली. त्याबद्दल आज एवढेच म्हणतो की कांबळी उबदार होती, लोकांना तिची गरज होती, आणि कोपऱ्यातल्या नावाने तिची ऊब कमी झाली नाही; पण कॅमेरा डोळ्याला लावताना माझी मान खाली गेली होती.

त्याच फेरीत, पत्र्याच्या तात्पुरत्या शेडपाशी, ओळखीचे एक शेतकरी भेटले. बायको आणि धाकटी मुलगी ढिगाऱ्यात गेली होती. त्यांनी कांबळे घेतले, बाजूला ठेवले आणि विचारले, "साहेब, औंदाचं तुमचं क्यालेंडर हाय का एखादं? आमच्या घरात व्हतं तसलंच." गाडीच्या डिकीत शिल्लक गठ्ठ्यातली चार-पाच होती. वर्षाचे तीनच महिने उरले होते, म्हणजे ती रद्दीच होती. त्यांतले एक त्यांना दिले. त्यांनी उभ्या उभ्या पाने उलटली, सप्टेंबर काढला, त्या पानावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "ह्याच्यावर काय न्हाई की."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात चौथी शिकलेल्या होत्या त्या त्यांच्या पत्नी, आणि खुरपणीच्या बायकांचे रोज, दुधाचे माप, कोणाला दिलेली उसनवार, मुलीच्या तापाचे दिवस हे सारे त्या कॅलेंडरच्या चौकटींत पेन्सिलीने मांडत असत. त्या माणसाच्या मनात चित्रासकट, खिळ्यासकट ते कॅलेंडर एकच वस्तू होती, आणि मी दिलेले तसलेच दुसरे हाती आल्यावर त्यांना एका क्षणात कळले की हे ते नव्हे. कॅलेंडर त्यांनी परत केले नाही. घडी करून कांबळ्यात ठेवले. मी मात्र इतकी वर्षे हजारो कॅलेंडरे वाटून ती वस्तू काय असते हे त्या दिवशी पहिल्यांदा शिकलो.

जाहिरातीच्या वस्तूला स्वतःचे असे मोल नसते. देणाऱ्याने ती शेकड्याने छापलेली असते आणि घेणाऱ्यानेही ती मागितलेली नसते. पण नेमकी म्हणूनच ती वापरली जाते. विकत घेतलेली पैठणी पेटीत राहते, लग्नातले भांडे उतरंडीवर चढते, आणि फुकटची पिशवी मात्र दळणाला जाते, मुलाचे दप्तर होते, फाटली की तिच्या बंदाने वासरू बांधले जाते. जपायची नसल्यामुळे ती माणसाच्या हाताला सतत लागत राहते, आणि हाताला लागलेले सारे तिच्यावर उमटते. त्यातून आमच्या भागात तेव्हा छायाचित्रे फारशी नव्हती. लग्नात एखादे, शाळेच्या दाखल्यापुरते एखादे. कित्येक बायकांचे एकही नव्हते. गेलेल्या माणसाचे हस्ताक्षर म्हणून जे उरले ते बहुधा सोसायटीच्या पुस्तकातला अंगठा किंवा कोणत्यातरी दुकानाच्या कॅलेंडरवरचा पेन्सिलीचा आकडा.

दुसरे एक कारण जरा कडवट आहे. ढिगारे उपसले गेले तेव्हा सोने-नाणे शोधणारे हात पुष्कळ होते, त्यांतले सगळेच घरच्यांचे नव्हते. तांब्या-पितळेची चेपलेली भांडी मोडीत गेली. सागाचे खांब आणि तुळया नव्या कामाला लागल्या. ज्याला बाजारात दमडी मिळत नव्हती ते मातीत तसेच राहिले, आणि नंतर कधीतरी कोणाच्या तरी पायाला लागले. एका नव्या वसाहतीतल्या घरात मला वीसेक वर्षांनी एक किल्ल्यांची साखळी पाहायला मिळाली. तिच्यावरचे आमच्या कंपनीचे नाव झिजून गेले होते, कडीत एकच किल्ली होती, आणि त्या किल्लीचे कुलूप, त्या कुलपाचे दार आणि त्या दाराचे घर यांतले काहीच उरले नव्हते. घरच्या आजीबाई ती साखळी देवघरात ठेवतात. ती आम्ही कोणत्या मोसमात, किती पोत्यांच्या खरेदीवर दिली होती हे मला आठवत होते, पण सांगवले नाही.

आता पुन्हा त्या मगाकडे येतो. त्याच्यावर भेग छापलेली आहे. ती भेग कोणी झाकली नाही, तिच्याखाली कोणी झोपले नाही, ती एका चित्रकाराने संगणकावर काढली, आणि तिच्याशेजारी आठवणीचे वाक्य आणि देणाऱ्याचे नाव आधीच लिहून झालेले असल्यामुळे घेणाऱ्याला लिहायला जागाच राहिलेली नाही. जुन्या कॅलेंडरवरही कंपनीचे नाव होतेच, कदाचित याहून मोठे होते. पण ते कॅलेंडर जिवंत माणसाला गिऱ्हाईक समजून दिलेले होते. त्या व्यवहारात थोडी लबाडी असेल, खोटेपणा नव्हता. हा मग मात्र मेलेल्यांच्या नावाने जिवंतांना दिला जातो आणि त्याच्या पोटात कूपन असते. शोक हा इथे वस्तूला आपोआप चिकटलेला नसून मालाबरोबर पुरवलेला आहे.

कंपन्यांनी या भागासाठी काही केले नाही असे मला म्हणायचे नाही. नव्याने वसलेल्या अनेक गावांची घरे उद्योगसमूहांनी, वृत्तपत्रांनी आणि सेवाभावी संस्थांनी बांधून दिली, तिथल्या कमानींवर आणि शिलांवर त्यांची नावे आहेत, आणि ती असायला हवीत. ज्याने डोक्यावर छप्पर दिले त्याचे नाव वाचल्याने कोणाचे काही बिघडत नाही. भारतीय जैन संघटनेने या भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे तर लोक आजही नावानिशी सांगतात. मदतीवर नाव असणे आणि आठवणीवर नाव असणे यांत मला फरक वाटतो. मदत कोणीतरी दिलेली असते, म्हणून तिला देणारा असतो. आठवण तशी कोणी कोणाला देत नाही.

हा फरक आपल्या कायद्यालाही अगदी परका नाही. कंपनी कायद्यातील २०१३ च्या तरतुदीनुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की आपल्या मालाला विक्रीचा लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येणार नाही. म्हणजे कूपनासह मग वाटणे ही जाहिरात आहे, समाजकार्य नाही, असे नियमच सांगतो. जाहिरात करायला बंदी नाही. पण मग तिला स्मृतिदिनाचे नाव कशाला हवे?

इतरत्र काय घडले आहे तेही पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचे संग्रहालय २०१४ मध्ये उघडले तेव्हा तिथल्या दुकानात अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराची चीज वाढायची थाळी विक्रीला ठेवली होती, आणि हल्ल्यांच्या जागा तिच्यावर बदामाच्या चिन्हांनी दाखवल्या होत्या. मृतांच्या नातेवाइकांनी आवाज उठवल्यावर ती काढावी लागली. उलट हिरोशिमाच्या संग्रहालयात लोक ज्या वस्तूंसमोर थबकतात त्यांत एका शाळकरी मुलाचा जळून काळा झालेला जेवणाचा डबा आहे. आपल्या देशात भोपाळच्या वायुकांडातून वाचलेल्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये एक छोटे संग्रहालय उभे केले. त्यात मृतांच्या घरांतल्या साध्या वस्तू आणि नातेवाइकांचे आवाज आहेत, आणि त्यासाठी सरकारचा किंवा कोणत्याही कंपनीचा पैसा घ्यायचा नाही असे त्यांनी ठरवलेले आहे. भुजला भूकंपाचे मोठे, देखणे स्मृतिवन २०२२ मध्ये झाले. तेवढा खर्च आपल्याला झेपेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे, पण भोपाळसारखे दोन-चार खोल्यांचे काम एखादी ग्रामपंचायत आणि एखादी शाळा मिळून करू शकतात.

आपल्यामार्फत दोन विनंत्या करायच्या आहेत. पहिली, स्मृतिदिनाचे कार्यक्रम आखणाऱ्या मंडळांना आणि त्यांना पैसे देणाऱ्या व्यावसायिकांना. खर्च जरूर उचला, पाण्याची सोय करा, मांडव द्या, हवे तर आभाराच्या फलकावर नाव लावा. पण ज्या वस्तूवर ती तारीख आहे तिच्यावर आपले नाव छापू नका आणि त्या दिवशी कूपन वाटू नका. आपल्या दैनिकाच्या जाहिरात विभागालाही हे लागू आहे, हे नम्रपणे नोंदवतो. मृतांना श्रद्धांजली आणि खाली दालनाचा पत्ता, वेळ सकाळी दहा ते रात्री नऊ, अशा चौकटी मी आपल्याही पानांवर पाहिल्या आहेत.

दुसरी विनंती त्या ५२ गावांतल्या आणि तिथून बाहेर पडलेल्या कुटुंबांना आहे, आणि ती जरा घाईची आहे, कारण ज्यांना या वस्तूंची हकीकत सांगता येते ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. घरात त्या काळातले कोणा दुकानाचे, पतपेढीचे, खत-बियाणांच्या कंपनीचे कॅलेंडर, पिशवी, साखळी, रोजनिशी, टोपी असे काही उरले असेल, तर ते फुकटचे म्हणून टाकून देऊ नये. माती लागलेली असेल तर धुऊ नये. धुताना घासले की पेन्सिलीचे अक्षर जाते. प्लॅस्टिकच्या आवरणात गरम इस्त्रीने बंद करून घेऊ नये, त्यात जुना कागद कायमचा चिकटतो. सुती कापडात किंवा साध्या कागदात ठेवावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि ती वस्तू कोणाची, कोणत्या घरातली, तिच्यावरचे अक्षर कोणाचे, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. वस्तू द्यायची नसेल तर देऊ नये. छायाचित्र आणि हा कागद एवढेही शाळेत पोचले तर पुष्कळ झाले.

माझ्याकडे १९९३ चे ते कॅलेंडर एक शिल्लक आहे, डिकीत राहिलेल्या गठ्ठ्यातले, कोरे. ते संग्रहात ठेवण्याच्या योग्यतेचे आहे की नाही याबद्दल मी साशंक आहे, कारण त्याच्यावर काहीच लिहिलेले नाही. तरी ज्या शाळेला हवे असेल तिने आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. आणून देईन.

आपला,
एक निवृत्त विक्री प्रतिनिधी